राउटर तळमजल्यावर, अभ्यास वरच्या मजल्यावर



मुळशी तालुक्यातले मारुंजी हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कच्या कुशीत वसलेले आहे. शेजारच्या काचेच्या इमारतींतून साता समुद्रापलीकडच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर चालतात. त्याच इमारतींत आपली माणसे सिक्युरिटीत आहेत, हाऊसकीपिंगला आहेत, कँटीनमध्ये आहेत, गाड्यांवर ड्रायव्हर आहेत. कुणी भल्या पहाटे कंपनीच्या बसने चाकणला जातो, कुणी तळेगावला. जगाचे इंटरनेट ज्यांच्या दारावरून जाते, त्यांच्याच घरातली मुलगी मात्र मोबाईल हातात धरून जिन्याच्या पायरीवर बसलेली असते. कारण विचारावे तर म्हणते, "वर खोलीत रेंजच येत नाही."

हा प्रश्न एका घरचा नाही. मारुंजी, जांबे, नेरे, पुनावळे, ताथवडे या भागांत एक-दोन गुंठ्यांवर उभी राहिलेली घरे पाहा. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यात आधी तळमजला झाला, मग बोनस आला, फंडातून पैसे काढले आणि पहिला मजला चढला. पुढे धाकट्या भावाचे लग्न ठरले आणि दुसरा चढला. घर असे वर वर वाढत गेले. वायफायचे कनेक्शन मात्र तळमजल्यावरच राहिले, कारण टीव्ही तिथे आहे. वायर ओढायला आलेल्या मुलाने विचारले, "बॉक्स कुठे लावू?" घरातले कुणीतरी म्हणाले, "टीव्हीच्या मागे लाव." विषय संपला!

पण ज्याला अभ्यास करायचा आहे त्याच्यासाठी विषय तिथेच सुरू होतो. थर्ड शिफ्ट करून आलेले वडील सकाळी हॉलमध्ये झोपतात. तिथे मोठ्याने बोलता येत नाही, लेक्चर लावता येत नाही. म्हणून पोरे वरच्या खोलीत जातात. वर शांतता असते, पण रेंज नसते. खाली रेंज असते, पण जागा नसते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरावा लागतो. कागद चढवता चढवता गोल फिरणारे चक्र थांबत नाही आणि शेवटची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही. नोकरीची ऑनलाईन परीक्षा असो की मुलाखत, मध्येच तुटली तर समोरचा माणूस आपल्या घराला स्लॅब किती आहेत हे विचारत बसत नाही.

आमचे सांगणे एवढेच आहे. खिशात हात घालण्याआधी राउटरची जागा पाहा. आणि ती जागा टीव्ही बघून ठरवू नका, अभ्यास बघून ठरवा.

आधी दोष ओळखा

ताप आला की आपण आधी थर्मामीटर लावतो, मग गोळी घेतो. इथेही तसेच करावे. मोबाईलमध्ये स्पीड मोजण्याचे फुकट ॲप मिळते. घरातले बाकीचे मोबाईल आणि टीव्ही थोडा वेळ वायफायवरून काढा. राउटरपासून चार-पाच फुटांवर उभे राहून स्पीड मोजा व कागदावर लिहा. मग पहिल्या मजल्यावर, मग दुसऱ्या मजल्यावरच्या अभ्यासाच्या जागी जाऊन तसेच मोजा. एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास, अशी दोनदा मोजणी करा.

राउटरजवळच स्पीड कमी असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या लाईनचा, प्लॅनचा किंवा खुद्द राउटरचा आहे. तेव्हा कनेक्शन देणाऱ्याकडे तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर मागून घ्या. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' अक्षरांपाशी लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून येणारा प्रकाशच डब्यापर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. ती वायर बहुधा कुठेतरी तुटलेली किंवा मुरडलेली असते. ही वायर तांब्याची नसते, आत केसासारखी काच असते. सोलून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी लावून ती जोडता येत नाही. तिला जोडण्याचे वेगळे यंत्र असते. आणि तिच्या उघड्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नये. आतला लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लहान मुलांना हे आवर्जून सांगावे.

राउटरजवळ स्पीड चांगला आणि वर गेल्यावर पडतो, असे असेल तर दोष आपल्या घरातच आहे. अशा वेळी, "मोठा प्लॅन घ्या, सगळे नीट होईल," असे कुणी सांगितले तर हात जोडून नाही म्हणावे. ऑनलाईन वर्गाच्या व्हिडिओला साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात. तळमजल्यावर ४० मिळत असतील आणि दुसऱ्या मजल्यावर १ मिळत असेल, तर प्लॅन १०० चा करून वरची अडचण सुटत नाही. टाकी मोठी केली म्हणून वरच्या नळाला पाणी चढत नाही, तसेच हे आहे.

स्लॅबची जकात

आमच्या वयाच्या वाचकांना जुना अँटेना आठवत असेल. सिंहगडावर १९७३ साली दूरदर्शनचे केंद्र आले. मग पुण्याच्या आसपासच्या घरांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे अँटेने उभे राहिले. वर एक जण अँटेना फिरवी, खालून दुसरा ओरडे, "आल्या, मुंग्या आल्या! थोडा मागे घे!" तेव्हा लहर बाहेरून घरात येत होती. आता मनोराच आपल्या घरात आहे. पण लहर तीच, रेडिओची. तिचे स्वभावही तेच.

रेडिओची लहर भिंत ओलांडते हे आपल्या देशातल्या माणसाने फार पूर्वी दाखवून दिले. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये बंद भिंतींपलीकडे लहर पाठवून घंटा वाजवली होती. मात्र लहर भिंत ओलांडते ती फुकटात नाही. पूर्वी मालाची गाडी शहरात शिरताना नाक्यावर जकात भरावी लागे. तशी प्रत्येक भिंत लहरीकडून जकात वसूल करते. लाकडी दार थोडी घेते. सिपोरेक्सच्या ब्लॉकची भिंत त्याहून जास्त घेते, जाड विटांची भिंत त्याहूनही जास्त. सर्वांत जबर वसुली करतो तो स्लॅब. पाच-सहा इंच काँक्रीट आणि त्यात लोखंडी सळ्यांची जाळी! एका स्लॅबमधून जाताना लहरीचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी उरू शकतो. दुसरा स्लॅब आला की दहाव्याचा दहावा, म्हणजे शंभरावा हिस्सा उरला. अंतराची घट आणखी वेगळी. तळमजल्याचा राउटर दुसऱ्या मजल्यावर दुबळा का पडतो, ते यावरून ध्यानात यावे.

धातू आणि पाणी हे लहरीचे आणखी दोन अडवणारे. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, टीव्हीचा पत्रा यांच्यामागे राउटर ठेवला तर त्या बाजूला सावली पडते. आरशाच्या मागचा मुलामा धातूचाच असतो. पाणी लहर शोषून घेते, म्हणून पिंप आणि टाकीही आड येता कामा नये. गच्चीवरची पत्र्याची खोली तर जवळजवळ लोखंडी पेटीच. तिच्यात बाहेरून लहर फारशी शिरत नाही.

जागा बदला, पैसे फार लागत नाहीत

तळमजला, पहिला आणि दुसरा असे घर असेल तर राउटर पहिल्या मजल्यावर, जिन्याजवळ असावा. मधल्या मजल्यावर तो ठेवला की वर एकच स्लॅब आणि खाली एकच स्लॅब राहतो. जिना हे स्लॅबमधले मोठे भोक आहे. माणसे जातात तिथून लहरही जाते. राउटर जमिनीपासून पाच-सहा फुटांवर, उघड्या भिंतीवर लावावा. शोकेसमध्ये, पोटमाळ्यावर भांड्यांच्या मागे, किंवा 'दिसायला बरे नाही' म्हणून कपाटात कोंडू नये. त्यावर कापड घालू नये. त्याने तो तापतो.

राउटर हलवायचा म्हणजे त्याची फायबरची वायरही हलवावी लागते. नवीन कनेक्शन घेत असाल तर वायरमनला पहिल्याच दिवशी सांगा, "वायर पहिल्या मजल्यापर्यंत न्या." तेव्हा ते काम सोपे असते. जुने कनेक्शन असेल तर ज्यादा वायर आणि जोडणीचे किती लागतील ते आधी विचारून घ्यावे. कोपऱ्यावर वायर काटकोनात दाबून बसवू देऊ नका. तिला चहाच्या कपाएवढे गोल वळण द्यावे.

राउटरच्या अँटेनाच्या काड्या सगळ्या उभ्या ठेवायची पद्धत आहे. काडीतून लहर टोकाकडून कमी आणि बाजूंनी जास्त पसरते. म्हणून उभी काडी त्याच मजल्यावर चांगली पोहोचते. वर-खाली पोहोचवायचे असेल तर एक काडी उभी ठेवून दुसरी आडवी करून पाहावी. मग पुन्हा स्पीड मोजावा. एक पैसा न लागणारा हा उपाय बऱ्याच घरांत कुणी करून पाहिलेला नसतो.

मोबाईलमध्ये आपल्याच वायफायची दोन नावे दिसतात. एका नावापुढे '५जी' लिहिलेले असते. त्याचा मोबाईलच्या ५जी शी काही संबंध नाही. ती ५ गिगाहर्ट्झची लहर. तिचा स्पीड जास्त, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी. दुसरी २.४ गिगाहर्ट्झची. तिचा स्पीड कमी, पण भिंत ओलांडण्यात चिवट. राउटर असलेल्या खोलीत ५ वाली वापरावी, वरच्या मजल्यावर २.४ वाली घेऊन पाहावी.

२.४ चा पट्टा घरगुती वापरासाठी २००५ पासून आपल्या देशात परवान्याविना खुला आहे. सार्वजनिक नळासारखा तो सगळ्यांचा, म्हणून तिथे गर्दीही फार. दाट वस्तीत मोबाईल उघडला की शेजाऱ्यांच्या वायफायची वीस-पंचवीस नावे दिसतात. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेलचा नंबर असतो. १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. त्यांतला ज्यावर गर्दी कमी, तो निवडावा. कॉलेजला जाणाऱ्या मुलाला हे दहा मिनिटांचे काम आहे.

बूस्टर घ्यावा की वायर ओढावी?

जागा बदलूनही वर पुरेशी रेंज नसेल तर मग खर्चाचा विचार करावा. बाजारात भिंतीच्या प्लगमध्ये खोचायचा रिपीटर मिळतो. लोक त्याला बूस्टर म्हणतात. तो स्वतः इंटरनेट तयार करत नाही. आलेली लहर ऐकून तीच पुढे सांगतो. ऐकणे आणि सांगणे एकाच पट्ट्यावर करावे लागले तर स्पीड निम्म्यावर येतो. आणि लोक तो लावतात कुठे, तर जिथे रेंजच नाही त्या खोलीत! ज्याच्या ताटात काही नाही, तो दुसऱ्याला काय वाढणार? रिपीटर अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे, म्हणजे जिन्याच्या मधल्या टप्प्यावर लावावा.

याहून पक्का उपाय म्हणजे वायर. राउटरपासून वरच्या मजल्यापर्यंत लॅनची वायर ओढायची आणि वर दुसरा साधा राउटर लावायचा. वायरीतून जाणाऱ्याला स्लॅबची जकात पडत नाही. शंभर मीटरपर्यंत ही वायर चालते. आपले घर त्याच्या पावाएवढेही नसते. 'कॅट ५ई' किंवा 'कॅट ६' लिहिलेली, शुद्ध तांब्याची वायर मागावी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, अशी स्वस्त वायरही विकली जाते. ती हलकी असते व लवकर तुटते. विजेच्या वायरीच्या पाईपमधून लॅनची वायर नेऊ नये. जिन्याच्या कडेने वेगळी पट्टी मारून न्यावी. पत्र्याच्या खोलीत अभ्यास होत असेल तर तिथे आतपर्यंत वायर नेणे हाच मार्ग आहे.

वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' असा पर्याय असल्यास तो निवडावा. नसल्यास त्याचे 'डीएचसीपी' बंद करावे, त्याचा आयपी पत्ता खालच्या राउटरपेक्षा वेगळा ठेवावा आणि खालून आलेली वायर 'वॅन'च्या भोकात न लावता 'लॅन'च्या भोकात लावावी. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला की जिना चढताना मोबाईल आपोआप जवळचा राउटर धरू शकतो. घरात जुना राउटर पडून असेल तर तोही याच कामी येतो. नवा साधा राउटर हजार ते दोन हजारांत मिळतो. पक्की पावती घ्यावी.

एक इशारा द्यायला हवा. घरातल्या वायफायचा रिपीटर लावायला परवाना लागत नाही. पण मोबाईल कंपनीच्या टॉवरची रेंज वाढवणारा बूस्टर वेगळा. तो परवानगीशिवाय बसवणे कायद्याने गुन्हा आहे. स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नये. त्याने आजूबाजूच्या सगळ्यांचीच रेंज बिघडू शकते.

लाईट गेली की राउटर बंद पडतो. ऐन परीक्षेत हे परवडत नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी राउटरच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिले आहे की ९, ते पाहावे. चुकीचा जोडला तर राउटर जळू शकतो. आणि तळमजल्याचा व वरचा असे दोन राउटर असतील तर दोघांनाही वीज लागेल, हे विसरू नये.

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

यंत्राचे झाले. आता माणसांचे. एका कनेक्शनवर दोन भावांचे संसार असतात, कधी वर भाडेकरू असतात. बिल कोण भरणार, किती भरणार, हे आधीच बोलून घ्यावे. न बोललेल्या दोनशे रुपयांनी भावाभावांत अबोला येतो. कनेक्शन ज्याच्या नावावर, त्याच्या दाराशी चौकशी आधी येते. म्हणून पासवर्ड गल्लीभर वाटू नये. मोबाईल नंबर किंवा मुलाचे नाव हा पासवर्ड ठेवू नये. भाडेकरू खोली सोडून गेला की पासवर्ड बदलावा.

वेळेचेही ठरवावे. संध्याकाळी खाली टीव्हीवर सिनेमा, मोबाईलवर रील्स आणि वर मुलीचा वर्ग, असे एकाच वेळी चालले तर लाईन कितीही चांगली असली तरी अडते. परीक्षेच्या दिवसांत दोन तास तरी अभ्यासासाठी राखावेत.

आणि मुलींविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. "मुलगी वर खोलीत एकटी मोबाईल घेऊन काय करते?" असा संशय घरोघरी असतो. म्हणून काही घरांत वर रेंज नसलेलीच बरी वाटते. मुलगा मात्र मित्राकडे जाऊन काम भागवतो, त्याला कुणी विचारत नाही. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाईल वापरायला बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानली नाही, म्हणून तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. इंटरनेट वापरता येणे हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. संध्याकाळचे ते चार तास अभ्यासाचे असतात, हे एका मुलीला न्यायालयात जाऊन सांगावे लागले. आपल्या लेकींना ते घरात तरी सांगावे लागू नये. मुलांवर लक्ष जरूर ठेवावे, त्यांच्याशी बोलावे, फसवणुकीचे धोके समजावून द्यावेत. पण रेंज तोडणे म्हणजे लक्ष ठेवणे नव्हे.

या रविवारचे काम

या रविवारी सुट्टी असेल त्यांनी एवढे करावे. तिन्ही मजल्यांवर स्पीड मोजून कागदावर लिहावा. राउटर टीव्हीच्या मागून काढून मोकळ्या भिंतीवर घ्यावा. काड्या फिरवून पुन्हा मोजावे. मग घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलींना विचारावे, "तुम्ही नेमके कुठे बसता? कोणत्या वेळी अडते?" त्या जागेचा आकडा सुधारला तर पुढचा खर्च टळला. नाही सुधारला, तर लॅनची वायर किती फूट लागेल ते दोरीने मोजून ठेवावे. दुकानात गेल्यावर कुणी जास्तीची गळ्यात मारणार नाही.

वस्तीतल्या इंजिनिअरिंगला, आयटीआयला जाणाऱ्या मुलांना आमची विनंती आहे. एका रविवारी दोन-तीन घरे वाटून घ्या आणि चॅनेल व सेटिंगचे काम करून द्या. वयस्कर आई-वडिलांना राउटर बंद-चालू कसा करायचा आणि लाल दिव्याचा अर्थ काय, तेही दाखवून या. शिष्यवृत्तीच्या अर्जाचे दिवस येण्याआधी हे झाले तर उत्तम.